सुरतेतला ‘शे’

सुरतेहून येणारा माणूस साडी आणतो, निदान घारी या तुपाळ मिठाईचा डबा तरी आणतो. मी भांडण घेऊन आले आणि ते अजून मिटलेलं नाही. ज्यांनी सुरत पाहिली नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि मराठी फक्त आपल्याच गल्लीत नीट बोलली जाते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तर मुद्दाम लिहितेय.

मी कोल्हापूरची. इंग्रजी शिकवण्यात उमर गेली, आता भाषांतरं करते. मध्यंतरी एक कादंबरी हाती आली. अमेरिकेत ज्यांना लॅटिनो म्हणतात, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, ग्वाटेमाला अशा मुलखांतून आलेले स्पॅनिश बोलणारे लोक, त्यांच्यातल्या एका बाईंनी ती लिहिलेली. तीही मोठ्यांसाठी नाही, त्यांच्या घरांतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींसाठी. तिकडे या वयासाठी अशी कपाटंच्या कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. आपल्याकडे पोराच्या हातात बारा वर्षांचा होईपर्यंत ससा-कासव द्यायचं आणि तेराव्या वर्षी त्याच्याकडून थेट वैचारिक निबंधांची अपेक्षा करायची. मधल्या वयाला काही घडतच नाही अशी आपली समजूत आहे. यावर मी कुठल्याही लग्नात, कुठल्याही पंगतीत भांडायला तयार असते.

गोष्ट साधी आहे. टेक्सासमधल्या एका गावातली मुलगी. बाप कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात, आई दुसऱ्यांची घरं साफ करते आणि घरात आजी. आजीला स्पॅनिशशिवाय काही येत नाही. मुलगी शाळेत इंग्रजी बोलते आणि हळूहळू आजीलाही इंग्रजीतच उत्तरं द्यायला लागते. आजी खिडकीतून हाक मारते तेव्हा मुलगी मैत्रिणींसमोर ऐकूच आलं नाही असं दाखवते. लेखिकेने आजीची स्पॅनिश वाक्यं इंग्रजीच्या मधोमध तशीच ठेवली आहेत. अक्षर तिरपं केलेलं नाही, कंसात अर्थ दिलेला नाही.

आता मराठीत ही आजी बोलणार कशात? इंग्रजीच्या जागी मराठी आली, मग स्पॅनिशच्या जागी काय? बराच विचार करून मी तिला अहिराणी बोलायला लावलं. माझा एक जुना विद्यार्थी अमळनेरकडचा, त्याला फोनवर छळून छळून वाक्यं तयार केली. पुण्याच्या संपादकांचा निरोप आला की हा प्रयोग धाडसी आहे पण मुलांना कळणार नाही, आजीला प्रमाण मराठीत बोलवा, फार तर तिची वाक्यं तिरप्या टायपात घेऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाची आजी तिरपी बोलते? पण संपादकांशी नुसतं भांडून पुस्तक निघत नाही. मी म्हटलं, ज्या मुलांच्या घरी अशी आजी आहे त्या मुलांना वाचायला देते, मग बोलू. विद्यार्थी म्हणाला, मग सुरतेला जा बाई, आमचा अर्धा खानदेश तिथंच आहे.

पर्वत पाटिया

लॉज पर्वत पाटिया नावाच्या भागात मिळाला. गाडीतून उतरून रिक्षात बसले तर रिक्षावाल्याने आधी गुजरातीत विचारलं, मग हिंदीत, आणि माझं हिंदी ऐकल्याबरोबर आरशात बघून हसला. “मराठी का? मंग पैलेच सांगानं ना ताई.” तो शिरपूरचा निघाला. त्याची बायको चोपड्याची, पोरं सुरतेची. पोरं काय बोलतात विचारलं तर म्हणाला, पोरं सगळं बोलतात, फक्त आमच्याशी बोलायला त्यांना वेळ नसतो.

पर्वत पाटियाच्या चौकात उभं राहिलं की कापडाशिवाय दुसरं काही दिसत नाही. टेम्पोवर गठ्ठे, हातगाडीवर गठ्ठे, दुचाकीवर मागच्या माणसाच्या मांडीत गठ्ठा आणि त्या गठ्ठ्यामुळे पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून मागचा माणूस तोंडाने हॉर्न देतो. आमच्याकडे लग्नाच्या साडीसाठी चार दुकानं पालथी घालतात. इथे त्याच साड्या रस्त्यावरून पोत्यात चाललेल्या बघितल्यावर आपण आजवर केवढा तोरा मिरवला असं वाटतं.

सकाळी न्याहारीला गेले. फळ्यावर ‘लोचो’ लिहिलेलं. मराठी माणसाला लोचा म्हणजे घोटाळा, त्यामुळे तो पैसे देऊन खावा का असा प्रश्न पडतो. पण वाफाळलेला, मऊ, वरून तेल आणि शेव घातलेला तो प्रकार मी दोनदा मागवला. दुपारी मात्र खरा लोचा झाला. जेवणात तिखट भाजी मागितली, आली ती लालभडक आणि घास घेतला तर गोड. वरणात गूळ, भाजीत साखर. कोल्हापुरात असं ताट कुणी पुढे ठेवलं असतं तर आचाऱ्याला बाहेर बोलावून घेतलं असतं. वेटर पोरगा समजूतदार होता. माझा चेहरा बघून न सांगता हिरव्या मिरच्या आणून ठेवल्या.

संध्याकाळी लॉजवर इथल्या एका मराठी मंडळाचे अध्यक्ष भेटायला आले. माझ्या विद्यार्थ्याने त्यांना कळवलं होतं. पांढरेशुभ्र कपडे, बँकेतून निवृत्त, मूळचे पुण्याकडचे, बोलणं इतकं आखीव की मधे आपण काही बोललो तर डाग पडेल. रविवारी मंडळाची मुलांसाठी मराठी वाचनस्पर्धा होती, गोडादऱ्याच्या हॉलमध्ये. कुणीही आवडतील ती दोन पानं वाचायची. त्यांनी मला प्रमुख पाहुणी केलं आणि वर म्हणाले की आमच्या कामगार वस्तीतल्या मुलांची भाषा फार बिघडली आहे, तुमच्यासारख्यांनी चार शब्द सांगावेत. चार शब्द तेव्हाच सांगावेसे वाटले होते, पण पाहुणीने पहिल्याच दिवशी भांडू नये म्हणून चहा मागवला.

नवागाम

विद्यार्थ्याची आत्या संगीताताई नवागामला राहतात. गल्ल्या सारख्या, घरं सारखी, दारं सारखी, आणि सगळ्या घरांच्या मागून यंत्रमागांचा खटखटाट. चुकत चुकत पोचले आणि दारातून आत टाकलेला पहिलाच पाय जमिनीवर पसरलेल्या साडीवर पडला. संगीताताई घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवण्याचं काम करतात, आणि गोंद अजून ओला होता. तळव्याला खडे लागले ते लागलेच. चार-पाच खडे मी कोल्हापूरपर्यंत घेऊन आले.

घरात चार माणसं. संगीताताई, त्यांचे मालक जे लूमच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, पाळीला गेले होते, त्यांची मुलगी जागृती आणि सासूबाई. सासूबाईंना मुलगा ‘माय’ म्हणतो म्हणून नातही मायच म्हणते. आईला मम्मी, आजीला माय. मला ही वाटणी फार आवडली.

जागृती नववीत. आठवीपर्यंत मराठी शाळेत होती, आता गुजराती माध्यमात. मी बसले असताना तिच्या मैत्रिणी खाली आल्या आणि खिडकीतून तिची त्यांच्याशी सफाईदार गुजराती चालली. तेवढ्यात मायने आतून काहीतरी विचारलं. जागृतीने मान वळवली नाही. मायने परत विचारलं. मैत्रिणी गेल्यावर जागृतीने हिंदीत उत्तर दिलं, “हाँ, खा लिया.” मी टेक्सासमधलं ते गाव इथे बघत होते आणि माझ्या पिशवीत ती कादंबरी होती.

मी पानं काढून जागृतीला दिली. तिने सुरुवातीला शाळेतला धडा वाचावा तसं भराभर वाचलं, मग खिडकीतल्या हाकेचा प्रसंग आला आणि तिचा वेग कमी झाला. दोन पानं झाल्यावर तिने विचारलं, “मॅडम, हे कोणी लिहिलंय? तिला कोणी सांगितलं?” मी म्हटलं, तिला कुणी सांगायची गरज नव्हती, तीही अशाच घरातली आहे. जागृतीने ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली की अमेरिकेत पण असं असतं हे तिला माहीत नव्हतं, तिला वाटायचं हे फक्त नवागामला होतं.

मग तिने आजीची वाक्यं मोठ्याने वाचली आणि माझी फजिती झाली. मी लिहिलं होतं, “तू जेवली का शे?” अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात एवढं शिकल्यावर मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो शे मीठ टाकावं तसा टाकत सुटले होते. माय पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“हाई कोन बोलस? आसं ते तहसीलदार बी बोलत नही.”

तिथून पुढे संध्याकाळभर जे चाललं ते मी कुठल्याही परिसंवादात पाहिलेलं नाही. जागृती मराठीतलं वाक्य वाचायची, माय डोळे मिटून ऐकायची आणि मग आपल्या बोलीत सांगायची. ‘जेवली का शे’चं झालं ‘जेवनी का व?’ मधेच दोघींत वाद व्हायचा. एखादा शब्द जागृतीला माहीत नसायचा, मग माय तो दोनदा सांगायची, आणि जागृती तो तोंडात घोळवून बघायची. त्या तीन तासांत तिने मायला एकदाही हिंदीत उत्तर दिलं नाही. संगीताताई खडे चिकटवत बघत होत्या. मला म्हणाल्या, या दोघींचं एवढं बोलणं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

कादंबरीतलं सगळ्यात अवघड वाक्य शेवटी आलं. नात इंग्रजीतच बोलायचा हट्ट धरते तेव्हा आजी तिला म्हणते की तुला भूक लागायची तेव्हा तू कुठल्या भाषेत रडायचीस ते मला माहीत आहे. जागृतीने वाचलं. मायने साडीवरचा एक सुटा खडा उचलून बाजूला ठेवला आणि नातीकडे बघून म्हणाली,

“जवय तुले भूक लागे, तवय तू कोनती बोलीमा रडे, ते माले म्हाईत शे.”

हे भाषांतर होतं की ती खरंच नातीला सांगत होती, ते मला कळलं नाही. जागृतीने वाक्य लिहून घेतलं आणि म्हणाली, “रविवारी मी हेच वाचते. माय, तू ये ऐकायला.” माय नातीच्या कुठल्याच कार्यक्रमाला आजवर गेली नव्हती. तिथे काय बोलतात ते समजत नाही, मग जाऊन काय करायचं, असं तिचं म्हणणं होतं. आता हो म्हणाली.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. चार दिवसांनी जीभ भाजली आणि जीव थंड झाला. आमच्या रश्शात आणि या शेवभाजीत कोण तिखट असा वाद घालायला मी गेले होते, पण तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि वाद तिथेच मिटला. मायने माझ्या ताटात गुळाचा खडा टाकला.

नदीपलीकडे

नियम असा होता की स्पर्धेत वाचायचा मजकूर आधी अध्यक्षांना दाखवायचा. मी आणि जागृती शुक्रवारी त्यांच्या घरी गेलो. तापीच्या पलीकडे सुरत वेगळीच आहे, रुंद रस्ते, उंच इमारती, खटखटाट नाही. जागृती लिफ्टमध्ये ओढणी सारखी करत होती.

अध्यक्षांनी पानं घेतली, चष्मा लावला आणि पेन्सिल उचलली. एकेक ‘शे’ दिसला की त्याच्याभोवती गोल. दोन पानांवर गोलच गोल झाले. मग पानं परत देत ते प्रेमाने, होय, अगदी प्रेमाने म्हणाले, “बेटा, हा ‘शे’ म्हणजे गुजरातीतला ‘छे’. सुरतेत राहून भाषेत शिरलेला. आपण ‘आहे’ म्हणायचं.”

मला एक क्षण वाटलं हे गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. मी सांगितलं की ही अहिराणी आहे, खानदेशात पिढ्यान् पिढ्या बोलतात, ‘शे’ आणि ‘छे’ कानाला बहिणी वाटल्या तरी या बाईंना तो सुरतेत मिळालेला नाही, त्या तो सोबत घेऊन आल्या. अध्यक्ष हसले. म्हणाले, बाई, तुम्ही कोल्हापूरच्या, चार दिवसांसाठी आलात, मी इथल्या मुलांची भाषा वर्षानुवर्षं तपासतोय. मी म्हटलं, ऐकली कधी? ते म्हणाले, ऐकतो म्हणून तर तपासतो.

म्हणजे बघा. गुजराती शाळेत ही मुलगी ‘छे’च्या जागी चुकून ‘शे’ म्हणाली तर वर्ग हसतो, हे तिने मला येताना रिक्षात सांगितलं होतं. मराठी मंडळात ‘शे’ म्हणाली तर साहेब गोल काढतात. तिकडे ती घाटी, इकडे ती बाटलेली. आणि हे सगळं कोण ठरवणार, तर नाकाने कांदे सोलणारे आम्ही शिकलेले. माझ्या कोल्हापुरी बोलण्याला पुण्यात ‘गोड वाटतं हो ऐकायला’ म्हणणारे भेटतात तेव्हा मी दात ओठ खाते. पण निदान मला कुणी परकी म्हणत नाही. या पोरीला तिच्या आजीच्या तोंडचं क्रियापद वापरल्याबद्दल परकं ठरवलं होतं.

अध्यक्षांनी अट घातली. आजीची वाक्यं शुद्ध करून वाचलीस तर स्पर्धेत घेऊ. जागृती ‘हो सर’ म्हणाली. परतीच्या रिक्षात ती पुलावरून नदीकडे बघत बसली आणि मीच बोलत राहिले, संतापून, भरपूर. नवागाम आल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली की मायला येऊ नको म्हणून सांगते, तिला काही कळणार नाही आता.

मी संगीताताईंना म्हटलं की जागृतीला जे वाचायचंय ते वाचू दे, अध्यक्षांना मी बघते. संगीताताईंनी हातातलं काम थांबवलं.

“ताई, तुम्ही चालल्या जाशात. पोरीले आठेच ऱ्हावानं शे.”

मी जाणार, पोरीला इथेच राहायचं. शाळेचा दाखला, पुढचं कॉलेज, कुठे ओळख लागली तर याच मंडळातली माणसं. माझा राग परतीच्या तिकिटाचा होता आणि त्यांना दाराबाहेरच्या त्याच गल्लीत रोज निघायचं होतं. तरी माझा राग कमी झाला नाही, हे खरं सांगते.

गोडादरा

रविवारी गोडादऱ्याचा हॉल भरला होता. नवागाम, लिंबायत, गोडादरा, सगळीकडून बाया आल्या होत्या, कडेवर पोरं, डब्यात चिवडा. मंचावर समई, हार, भाषणं. अध्यक्ष मराठीच्या थोरवीवर बोलत होते आणि खाली बाया आपसांत ज्या बोलीत बोलत होत्या तिच्यात ते एक वाक्यही बोलू शकले नसते. कुणी भाषण ऐकत नव्हतं. ऐकावं असं त्यात काही नव्हतंही.

मी मंचावरून तिसऱ्या रांगेत मायला बघितलं. नवं लुगडं, हातात पिशवी. जागृतीने तिला येऊ नको म्हणून सांगितलंच नव्हतं, की सांगूनही ती आली होती, मला माहीत नाही. शेजारी संगीताताई ताठ बसल्या होत्या.

मुलं वाचत गेली. स्वच्छ, पाठ केल्यासारखी, पोपटासारखी. टाळ्या, पुढचं नाव. जागृतीचं नाव आलं. ती माईकसमोर उभी राहिली. हातात अध्यक्षांची पेन्सिल लागलेली तीच पानं. आधी कथेचा मराठी भाग वाचला, छान वाचला. मग खिडकीतली हाक आली, आजीचं पहिलं वाक्य. तिने पानावरून डोळे उचलले, तिसऱ्या रांगेकडे बघितलं, आणि पुन्हा पानाकडे न बघता म्हणाली, “वं पोरी, कोठे शे तू?”

एका क्षणात डबे, पोरं, बोलणं सगळं थांबलं. मग कुठूनतरी हसू आलं, टिंगलीचं नाही, ओळखीचं. जागृती वाचत गेली. अमेरिकेतली ती आजी त्या हॉलमध्ये खानदेशची झाली, ती नातीला रागावली, तिने तिला जेवायला बोलावलं, आणि पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, मन्ही सासू आशीच बोले. आणि मग ते वाक्य आलं, तू कोनती बोलीमा रडे ते माले म्हाईत शे. मागून एक आवाज आला, “माले बी म्हाईत शे, माय.”

तेवढ्यात माईक बंद झाला. अध्यक्षांनी खूण केली होती. दुसरा माईक हातात घेऊन ते म्हणाले, क्षमा करा, स्पर्धा मराठीची आहे, वाचनात परभाषेची सरमिसळ झाली आहे, स्पर्धकाला सूचना देऊनही असं झालं याचा खेद वाटतो.

मी खुर्चीतून उठलेच होते. जागृतीने माझ्याकडे बघितलंही नाही. ती अध्यक्षांकडे वळली आणि त्यांना हवी तशी, स्वच्छ प्रमाण मराठीत, आवाज न चढवता म्हणाली, “सर, परभाषेतला शब्द कोणता, ते सांगाल का?”

अध्यक्ष म्हणाले, ‘शे’. तो गुजराती आहे.

जागृती मंचाच्या कडेला आली. “माय, तुले गुजराती येस का?”

तिसऱ्या रांगेत माय उभी राहिली. सगळा हॉल तिच्याकडे वळला. तिला वाटलं आपल्याला खरंच काहीतरी विचारलंय, तसं तिने खरंच उत्तर दिलं.

“माले? माले ते हिंदी बी येत नही.”

असा हशा मी कुठल्या नाटकाला ऐकलेला नाही. बाया एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पण माय हसत नव्हती. तिने हात वर केला, हसू ओसरेपर्यंत थांबली आणि अध्यक्षांनाच विचारलं.

“हाई गुजराती नही, तुम्ही म्हंतस मराठी बी नही. मंग आपुन कसामा बोलतस?”

मग आपण कशात बोलतो? अध्यक्षांनी माईक खाली घेतला. म्हणाले, आजी, बसून घ्या. माझ्या चार शब्दांची पाळी आली तेव्हा मी ते चार शब्द सांगितले. त्यातले दोन छापता येण्यासारखे आहेत, ‘लाज बाळगा’. बाकी बक्षिसं मी द्यायची होती, ती मी दिली, कारण त्या मुलांचा काही दोष नव्हता. जागृतीचं नाव स्पर्धेतून काढलं होतं. ती मंचावरून उतरून मायजवळ जाऊन बसली आणि कार्यक्रम संपेपर्यंत दोघी कुजबुजत होत्या. काय, ते मला ऐकू आलं नाही. हिंदी नव्हती एवढं दिसत होतं.

हॉलच्या बाहेर बायांनी जागृतीला घेरलं, पुढे त्या पोरीचं काय झालं, आजीशी बोलायला लागली की नाही, असं विचारायला लागल्या. कादंबरीचा शेवट जागृतीने तिथे पायऱ्यांवर उभं राहून सांगितला. पण संगीताताई बाजूला उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मला म्हणाल्या की मंडळात आता हिला बोलावणार नाहीत. तसंच झालं. मंडळाचा वृत्तान्त दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर फिरला, त्यात सगळ्या स्पर्धकांची नावं होती, जागृतीचं नव्हतं. माझं होतं, ‘मौलिक मार्गदर्शन केले’ असं.

कोल्हापूर

घरी आले, झणझणीत रस्सा केला, आणि संपादकांना सगळं कळवलं. एवढा हॉल शांत बसून ऐकत होता, आता तरी पटलं का? त्यांचं उत्तर आलं. बरं, अहिराणी ठेवू, तिरपा टाइपही नको, पण तळटिपा हव्यात. वाचक अडता कामा नये. जिथे वाचकाला शब्द समजणार नाही तिथे पानाच्या तळाशी अर्थ द्या.

मी पुन्हा भांडायला फोन उचलला आणि ठेवला. वाचक म्हणजे कोण, ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं. मग मी जागृतीला फोन केला. तिला काम समजावून सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, मॅडम, चालेल ना असं? मी म्हटलं, बघू कोण चालू देत नाही ते.

आता रोज शाळेतून आल्यावर ती मायला ती कादंबरी वाचून दाखवते. माय जिथे थांबवून विचारते, हाई काय शे, तिथे जागृती खूण करते. अहिराणी वाक्यांना माय एकदाही थांबलेली नाही. ती थांबते ती माझ्या मराठीला, ‘तथापि’ला, ‘संकोचली’ला, खिडकीसाठी ‘वातायन’ असं मी कुठल्यातरी भरात लिहून गेले त्याला. त्या प्रत्येक शब्दाला जागृतीने तळटीप दिली आहे, अहिराणीत. ‘वातायन’ मी काढून टाकलं, बाकीच्या सगळ्या टिपा तशाच ठेवून पानं पुण्याला पाठवली आणि सोबत कळवलं की वाचक अडू नये हे तुमचंच म्हणणं, यातली एक जरी गाळलीत तरी पुस्तक परत घेईन. अजून उत्तर नाही.

पहिली टीप पहिल्याच पानावर आहे. कथेच्या पहिल्या ओळीतल्या एका शब्दावर आकडा टाकलाय आणि पानाच्या तळाशी जागृतीच्या अक्षरात लिहिलंय: ‘आहे’ म्हणजे ‘शे’.